जुनी मराठी बालपुस्तकं : साल कसं ओळखायचं, किंमत कशी ठरवायची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आधी सांगून टाकतो, मी काही मोठा तज्ज्ञ वगैरे नाही. आत्याच्या ट्रंकेतून गोष्टींची चार पुस्तकं मिळाली, तिथून हा नाद लागला आणि मग अप्पा बळवंत चौक, जुना बाजार, फ्लोरा फाउंटनचा फुटपाथ, जिथे जुनी पुस्तकं दिसतील तिथे वाकून बघायची सवयच झाली. कोणाचं जुनं घर पाडायला निघालं की ओळखीतले लोक फोन करतात आणि तेच तेच विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आजोबांच्या कपाटात पुस्तक सापडलं, आत "पहिली आवृत्ती १९३५" लिहिलंय. किती लाख मिळतील?

लाख सोडा. पहिले ते पान नीट वाचा. "पहिली आवृत्ती १९३५" ही ओळ पुढच्या प्रत्येक छपाईत तशीच छापलेली असते, त्याच्या खाली बारीक अक्षरात "सातवी आवृत्ती" किंवा "पुनर्मुद्रण" असतं आणि लोक नेमकं तेवढंच वाचायचं विसरतात. 'श्यामची आई'चंच बघा ना, पुस्तक आलं १९३५ ला, पण त्यानंतर ते इतक्या वेळा छापलं गेलंय की आपल्याकडच्या प्रती जवळजवळ सगळ्या नंतरच्याच असणार. त्यात साने गुरुजी गेले ११ जून १९५० ला, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आपल्याकडे कॉपीराइट संपतो, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून ते पुस्तक कोणीही छापू शकतं, आणि छापलंही बऱ्याच जणांनी. आपली प्रत मूळ प्रकाशकाची (पुणे विद्यार्थी गृह, त्यांचं जुनं नाव अनाथ विद्यार्थी गृह) नसून कुठल्यातरी भलत्याच प्रकाशनाची असेल, तर ती बहुतेक २०११ नंतरचीच. मग वर १९३५ कितीही ठळक असू दे.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यात फरक काय?

नियमाने बघायला गेलं तर मजकूर बदलला, सुधारला, वाढवला की नवी आवृत्ती, आणि आहे तसंच परत छापलं की पुनर्मुद्रण. मराठी प्रकाशकांनी हा नियम फारसा मनावर घेतलेला नाही. परत छापलं की "आवृत्ती दुसरी" असं लिहून मोकळे. "पाचवी आवृत्ती" दिसली म्हणून पाच वेळा मजकूर बदलला असं समजू नका. उलटा घोळही आहे, प्रकाशक बदलला की काही जण मोजणी परत एकपासून सुरू करतात, मग चाळीस वर्षांपूर्वी आलेल्या पुस्तकावर नव्या प्रकाशकाची "प्रथमावृत्ती" दिसते आणि विकणारा खुशाल "फर्स्ट एडिशन" म्हणून फोटो टाकतो. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत मात्र एक छान गोष्ट सापडते, मुखपृष्ठावरच "आवृत्ति ३ री, प्रती २०००" असं छापलेलं असतं. किती प्रती निघाल्या हे हल्ली कोण सांगतं.

साल कुठेच छापलेलं नाहीये. मग?

मग छापील किंमत बघा. मला विचाराल तर पहिली नजर तिथेच गेली पाहिजे.

१ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली. त्याआधी १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैंचा आणा. म्हणजे किंमत नुसती "६ आणे" किंवा "०-६-०" (रुपये-आणे-पै) अशी असेल तर पुस्तक साधारण १९५७ च्या आधीचं. "५० न. पै." किंवा "५० नवे पैसे" असेल तर १९५७ ते १९६४ मधलं, कारण १ जून १९६४ ला "नवा" हा शब्द काढून टाकला आणि नुसते पैसे राहिले. दोन्ही किमती एकत्र असल्या, म्हणजे "८ आणे (५० न. पै.)", तर बदलाच्या अगदी तोंडावरचं पुस्तक. सात वर्षांची एवढी बारीक खिडकी बाकी कुठलीच खूण देत नाही.

एक सावधगिरी. गोडाऊनमध्ये पडून राहिलेल्या जुन्या प्रतींवर नवी किंमत रबरी शिक्क्याने मारायचे किंवा चिठ्ठी चिकटवायचे. चिठ्ठी असेल तर ती नखाने उपटू नका प्लीज, उजेडासमोर पान धरलं की खालची किंमत दिसते बऱ्याचदा.

किंमत "१॥" लिहिलीये. हे एकशे अकरा रुपये आहेत का?

हसू नका, हा प्रश्न मला खरंच दोनदा आलाय. त्या उभ्या रेघा म्हणजे पाव रुपया. एक रेघ चार आणे, दोन रेघा आठ आणे, तीन रेघा बारा आणे. १॥ म्हणजे दीड रुपया आणि २॥ म्हणजे अडीच. ही पद्धतच आण्यांच्या काळातली आहे. अर्थात जुन्या वळणाची माणसं पुढेही काही वर्षं हिशेबात ती वापरत राहिली, त्यामुळे हाताने लिहिलेल्या रेघांवरून साल ठरवू नका, छापलेल्या असतील तरच.

माझ्याकडचं पुस्तक १८५७ सालचं आहे!

शके असेल. नव्वद टक्के वेळा शके असतं. एकांनी मला घरी बोलावून, चहा पाजून, मखमली कापडात गुंडाळलेलं पुस्तक दाखवलं, बंडाच्या वर्षीचं म्हणून. आत रेल्वेगाडीचा फोटो आणि मागे सायकलीच्या दुकानाची जाहिरात. शालिवाहन शकात ७८ मिळवायचे, आणि साल बदलल्यानंतरचे म्हणजे जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतचे दिवस असतील तर ७९. शके १८५७ म्हणजे सन १९३५-३६. चहा चांगला होता.

सरकारी पुस्तकांची वेगळी गंमत आहे. २२ मार्च १९५७ पासून भारतीय सौर दिनदर्शिका लागू झाली, ती पण शकाचीच, त्यामुळे नंतरच्या सरकारी पुस्तकांवर इसवी सन आणि शक असे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात.

प्रकाशकाच्या पत्त्यावरून काही कळतं का?

भरपूर. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याआधी शहरात नुसता विभागाचा नंबर असायचा, "पुणे २", "पुणे ३०", "मुंबई ४". पुढे त्याचेच पिन झाले, पुणे ३० चं ४११०३०, मुंबई ४ चं ४००००४. सहा आकडी पिन छापलेला असेल तर ती प्रत १९७२ च्या आधीची असूच शकत नाही, विकणाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी. उलटं मात्र खात्रीने म्हणता येत नाही, कारण नुसतं "पुणे ३०" लिहायची सवय लोकांना पुढे कितीतरी वर्षं होती आणि अजूनही आहे. मग फोन नंबर असेल तर त्याचे आकडे मोजा, मुंबईचे लँडलाइन नंबर २००२ च्या सुमारास पुढे २ लागून आठ आकडी झाले. आणि ईमेल दिसला तर पुस्तक खाली ठेवा.

शुद्धलेखनावरून साल ओळखतात म्हणे, ते कसं?

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

१९६२ ला साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम शासनाने मान्य केले, सुरुवातीला १४, मग १९७२ ला आणखी ४ आले. त्याआधीची मराठी अनुस्वारांनी भरलेली, "कांहीं", "नाहीं", "नांव", "मुलें", "पुस्तकें", "केलें", "घरांत". १९६२ नंतर उच्चार न होणारे हे अनुस्वार गेले. दुसरं म्हणजे शब्दाच्या शेवटचा इकार उकार दीर्घ झाला. आधी कवि, बुद्धि, आता कवी, बुद्धी. यातली मजा अशी की त्यासाठी पुस्तक वाचायचीही गरज नाही, पहिल्या पानावरच "आवृत्ति" ऱ्हस्व आहे की "आवृत्ती" दीर्घ आहे ते बघा आणि प्रकाशकाच्या पत्त्यात "पुणें" आहे की "पुणे" ते बघा, दोन शब्दांत अंदाज येतो.

पण थांबा. शुद्धलेखनावरून अक्षरजुळणीचं वय कळतं, कागदाचं नाही. जुने फर्मे (छपाईसाठी जुळवून बांधलेली अक्षरांची पानं) तसेच ठेवून किंवा जुन्या प्रतीचे फोटो काढून परत छापलं तर १९८५ च्या पुस्तकात पण "कांहीं" दिसणार. शिवाय ३१ डिसेंबरला रात्री बारा वाजता सगळ्या छापखान्यांनी अनुस्वार बंद केले असं काही झालेलं नाही, जुने लेखक आणि जुने कंपॉझिटर (अक्षरं जुळवणारे) आपल्या वळणाने पुढे चालत राहिले. म्हणून जुनं लेखन अधिक नवे पैसे अधिक बिनपिनचा पत्ता अशा तीन खुणा जुळल्या की मग बोलायचं. उलट दिशेने मात्र खूण पक्की आहे, मूळ पुस्तक १९४० चं आणि तुमच्या प्रतीत एकही जुना अनुस्वार नाही, म्हणजे ती नव्याने जुळवलेली नंतरची प्रत.

आणि "अि, अु, अे" असं विचित्र दिसलं तर छपाईची चूक समजू नका. ती सावरकरांची अ-ची बाराखडी, किर्लोस्करांच्या मासिकांत आणि काही पुस्तकांत ती चालायची.

कागद आणि छपाई बघून काय ओळखायचं?

पानाच्या मागून बोट फिरवा. खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवून लेटरप्रेसवर छापलेलं असेल तर अक्षरांचा दाब बोटाला लागतो, कागदाला मागून हलका उंचवटा येतो. ऑफसेट, म्हणजे प्लेटवरून होणारी नंतरची छपाई, सपाट. चित्रं भिंगातून बघा, ब्लॉकचे (चित्राच्या धातूच्या ठशाचे) ठिपके, रंग एकमेकांवर नीट न बसल्याने बाहेर आलेली लाल किंवा निळी कड, या गोष्टी जुन्या बालपुस्तकांत असतातच आणि मला तर त्या आवडतात, पोपटाची चोच पोपटाच्या जरा बाजूला. मजकूर जुन्या लेखनातला, पण छपाई सपाट ऑफसेटची आणि अक्षरं थोडी फुगलेली, कडा तुटलेल्या, असं दिसलं तर जुन्या प्रतीवरून फोटो काढून केलेलं रिप्रिंट आहे. आणि अक्षरं एकदम गुळगुळीत, एकसारखी कॉम्प्युटरची असतील तर सरळ डीटीपीच्या काळात या.

पिवळेपणावर अजिबात जाऊ नका. स्वस्त कागदात लाकडाचा लगदा असतो, त्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, दहा वर्षं माळ्यावर पडलेलं १९९५ चं पुस्तक शंभर वर्षांचं दिसू शकतं, आणि चांगल्या कागदावरचं १८८० चं पुस्तक अजून पांढरंफेक असतं. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई होती, त्या वर्षांतली पुस्तकं बघाल तर पातळ, खरखरीत, करड्या कागदाची, समास पण कंजूस. बाकी "पिवळं म्हणजे जुनं" हे फक्त विकणाऱ्याचं शास्त्र आहे.

आत कोणाचं तरी नाव लिहिलंय. त्याने किंमत कमी होते का?

थोडी होते, पण साल ओळखायला यासारखं दुसरं काही नाही. "चि. बाळ यास वाढदिवसानिमित्त, मामाकडून, ता. ४-९-४३" असं असेल तर पुस्तक त्या तारखेला अस्तित्वात होतं, संपला विषय. शाळेच्या बक्षिसाची चिठ्ठी तर त्याहून चांगली, तिच्यावर इयत्ता, क्रमांक, साल, शाळेचा शिक्का सगळं. मी तर अशी प्रत कोऱ्या प्रतीपेक्षा आधी उचलतो, पण ते माझं झालं, बाजारात कोऱ्या प्रतीलाच जास्त मिळतात. मागच्या पानांवरच्या जाहिरातींची यादीही वाचा, त्यात ज्या पुस्तकांची जाहिरात आहे त्यातलं सगळ्यात नवीन कुठलं ते शोधा, तुमची प्रत त्याच्या आधीची नसणार. नाव-तारखेवरून अलीकडची कड मिळते, जाहिरातीवरून पलीकडची.

"सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणें रजिस्टर" असं लिहिलंय. म्हणजे १८६७ चं ना?

नाही हो. तो कायद्याचा आकडा आहे, छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा. पुस्तक १८६७ नंतरचं एवढंच त्यातून कळतं. कायदा पुढे दीडशे वर्षं चालू होता. त्याच कायद्यामुळे मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-गाव छापणं सक्तीचं होतं, त्याचा उपयोग शेवटच्या प्रश्नात सांगतो.

खात्री करायची तर कुठे?

शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूचि'. एका माणसाने केलेलं अचाट काम आहे, पहिला खंड १८०० ते १९३७ मधल्या मराठी पुस्तकांचा, दुसरा १९३८ ते १९५० चा. पुस्तक, लेखक, साल, पानं. तुमच्या प्रतीची पानं आणि सूचीतली पानं जुळत नसतील तर आवृत्ती वेगळी किंवा तुमच्या प्रतीतली पानं गायब. त्यानंतर मोठ्या ग्रंथालयांत जाऊन प्रत्यक्ष प्रत शेजारी ठेवून बघा, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. तिथली माणसं अशा कामाला आनंदाने मदत करतात असा माझा तरी अनुभव आहे, दुपारी जेवायच्या वेळेला गेलात तर तुमची चूक.

रिप्रिंटला पैसे मिळतात का? की फक्त पहिल्या आवृत्तीला?

इंग्रजी पुस्तकांचे व्हिडिओ बघून लोक फर्स्ट एडिशनच्या मागे लागतात. मराठी बालपुस्तकांत तसं सरळ गणित नाही. मुलांचं पुस्तक म्हणजे ते मुलांनी वापरलेलं. फाडलेलं, रंगवलेलं, पावसात भिजलेलं, धाकट्याला गेलेलं आणि शेवटी रद्दीत. बापू छत्र्यांचं 'बालमित्र' १८२८ चं, विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' मासिक १८८१ चं, वा. गो. आपट्यांचं 'आनंद' १९०६ चं. अशा गोष्टींची पहिली छपाई सोडा, पन्नास वर्षं जुनी कुठलीही छपाई धड अवस्थेत मिळाली तरी घेणारे असतात.

रिप्रिंट कधी महत्त्वाचं ठरतं तर पहिल्यांदा चित्रं त्यात आली असतील, किंवा नंतरच्या प्रतींत काटछाट झाली आणि पूर्ण मजकुराची ती शेवटची असेल, किंवा आधीची प्रत कुठे सापडतच नसेल. आणि लोक ज्या रूपात लहानपणी वाचतात ते रूप त्यांना परत हवं असतं. आज पन्नाशी-साठीतला माणूस १९७० च्या दशकातलं रिप्रिंट शोधत असतो, त्याच्या आजोबांच्या काळची पहिली आवृत्ती नाही, त्याला ते जांभळ्या राक्षसाचं कव्हरच पाहिजे. त्यामुळे कधी कधी सातवी आवृत्ती तिसरीपेक्षा जास्तीत जाते.

मुखपृष्ठ दलालांचं किंवा मुळगावकरांचं असेल तर?

तर हात धुवून पुस्तक हातात घ्या. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांसाठी पुस्तक विकत घेणारे वेगळे आहेत, आत काय लिहिलंय त्याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. पण सहीवरून साल काढू नका, दलाल १९७१ ला गेले, मुळगावकर १९७६ ला, आणि त्यांची चित्रं नंतरच्या छपायांवर वापरली गेलीच. मूळ छपाईतले रंग आणि दहा वर्षांनी जुन्या छापील कव्हरवरूनच उचललेले रंग यात जमीनअस्मानाचा फरक असतो, शेजारी ठेवल्यावर लहान मूलही सांगेल.

इथे एक दुखणं. जुन्या वाचनालयांत पुस्तक बाइंडिंगला टाकलं की बाइंडर मूळ कव्हर काढून फेकायचा आणि वर जाड पुठ्ठा, मागे कापडी पट्टी. आतलं पुस्तक टकाटक आणि कव्हर गायब. बालपुस्तकात कव्हर गेलं की निम्म्याच्यावर किंमत गेली समजा.

चांदोबा, किशोर, अमर चित्रकथा, शाळेची पुस्तकं?

मराठी 'चांदोबा' १९५२ पासून, 'किशोर' १९७१ पासून. मासिकावर महिना आणि साल असतं त्यामुळे वयाचा प्रश्नच नाही, सुट्या अंकापेक्षा वर्षाचा पूर्ण संच महत्त्वाचा. संच घरी शिवून घेतला असेल तर जाहिरातीची पानं काढलीयत का बघा, बरेच लोक काढायचे.

अमर चित्रकथा १९६७ ला अनंत पै यांनी इंडिया बुक हाऊसतर्फे सुरू केली आणि तीच तीच शीर्षकं सतत परत छापली गेली. कॉपीराइटचं साल बघून फसू नका, कव्हरवरची किंमत बघा आणि प्रकाशक बघा, २००७ ला मालकी बदलली त्यामुळे एसीके मीडिया दिसलं तर प्रत त्यानंतरची.

बालभारती संस्था २७ जानेवारी १९६७ ची, त्यामुळे "माझ्या आईच्या १९५५ च्या बालभारती"चा दावा सोडून द्या. तिच्या पुस्तकांवर प्रथमावृत्ती आणि पुनर्मुद्रणाची वर्षं ओळीने असतात, शेवटचं वर्ष ते तुमच्या प्रतीचं. मागणी मात्र जबरदस्त आहे, आपण पहिलीत जे वाचलं तेच पुस्तक हवं असतं लोकांना.

ती रशियन पुस्तकं? गुळगुळीत कागद, मोठी चित्रं, मराठीत?

अनिल हवालदारांची भाषांतरं असतील बहुतेक, आमच्या पिढीने तीच वाचली. प्रकाशकाचं नाव "प्रगती" असेल तर १९६३ नंतरचं, "रादुगा" असेल तर १९८० च्या दशकातलं किंवा जरा पुढचं, कारण रादुगा प्रगतीतून वेगळं निघालं तेच तेव्हा. १९९१ ला देशच संपला, पुस्तकं पण. साल बऱ्याचदा शेवटच्या पानावर रशियन मजकुरात लपलेलं असतं, आकडे तर वाचता येतात ना. तेव्हा कवडीमोल मिळायची, आता नाही.

इंग्रजी पुस्तकं पण आहेत काही, ब्रिटिश काळातली.

थोडक्यात. 'पीटर रॅबिट'वर १९०२ दिसलं म्हणून उड्या मारू नका. लेखिकेने डिसेंबर १९०१ ला स्वतःच्या पैशाने २५० प्रती काढल्या, ऑक्टोबर १९०२ ला फ्रेडरिक वॉर्नने बाजारात आणलं, आणि तो १९०२ चा कॉपीराइट नंतरच्या असंख्य साल नसलेल्या छपायांवर तसाच राहिला. कंपनीच्या नावापुढे "लिमिटेड" असेल तर पहिल्या महायुद्धानंतरची प्रत. अमेरिकन ग्रॉसेट अँड डनलॅपचंही तेच, दुसऱ्यांच्या पुस्तकांची स्वस्त रिप्रिंट काढायची आणि कॉपीराइट मूळचा ठेवायचा हा त्यांचा धंदाच होता. लेडीबर्ड (इंग्लंडची मुलांची छोटी पुस्तकं) असेल तर किंमत बघा, अडीच शिलिंग असेल तर फेब्रुवारी १९७१ च्या आधीचं, नुसते नवे पेन्स असतील तर नंतरचं, आणि कागदी जॅकेट असेल तर १९६० च्या दशकाच्या मध्याच्या आधीचं. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) दहा आकडी असेल तर १९७० नंतर, तेरा आकडी असेल तर २००७ पासून पुढे. कॉपीराइटच्या पानावर १० ९ ८ ७ अशी आकड्यांची ओळ असेल तर त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे तुमची कितवी छपाई ते.

ऑनलाइन हेच पुस्तक दहा हजारांना लावलंय.

लावलंय. विकलं गेलंय का? मी एक पुस्तक तीन वर्षं त्याच किमतीला, त्याच फोटोसकट, त्याच मांजराच्या शेपटीसकट बघतोय. मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. झालेले व्यवहार शोधा, लिलावांचे निकाल बघा, दोन-तीन जुन्या पुस्तकवाल्यांना वेगवेगळं विचारा. पुस्तकवाला तुम्हाला विक्रीच्या निम्मे किंवा त्याहून कमी देईल, त्यावर चिडू नका, त्याला ते दोन वर्षं सांभाळायचंय. एकदा एका दुकानात मी घाईत पूर्ण ट्रंक वजनावर देऊन बसलो आणि पुढच्या आठवड्यात त्यातलंच एक काचेच्या कपाटात दिसलं. त्या दिवसापासून द्यायच्या आधी प्रत्येक पुस्तकाचं पहिलं-शेवटचं पान उघडतो. "पानशेतच्या पुरातली प्रत आहे" असं सांगून ओलीचे डाग खपवणारेही आहेत. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, पेठांत पाणी शिरलं हे खरं, पण पिनकोड छापलेलं पुस्तक त्या पुरात कसं भिजलं असेल?

फाटलंय, सेलोटेप लावू का? कसर लागलीये.

सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच नको. टेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो, मग तो निघत नाही. फाटकं आहे तसं पातळ कागदी पाकिटात ठेवा. कसर किंवा किडे असतील तर पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करून डीप फ्रीझरमध्ये दोनेक आठवडे, मग पिशवी न उघडता दिवसभर बाहेर, आणि मगच उघडायचं. (घरात आधी सांगा, आमच्याकडे मटारच्या पाकिटाशेजारी गोष्टींची पुस्तकं बघून बराच संवाद झाला.) स्टेपल गंजल्या असतील तर ओढू नका, उघडून हळूच काढा.

परदेशातल्या मुलाकडे पाठवू का?

शंभर वर्षांच्या आतलं असेल तर सहसा काही नाही. त्याहून जुनं असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा मध्ये येतो, त्यात शंभर वर्षं जुन्या वस्तू येतात आणि पुरावस्तू परस्पर देशाबाहेर नेता येत नाही. आधी पुरातत्त्व खात्याकडून ती वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या.

स्कॅन करून ग्रुपवर टाकू का?

लेखकाच्या मृत्यूचं साल अधिक ६० आणि त्या वर्षाची अखेर. पण चित्रकाराचा हक्क वेगळा मोजतात हे सगळे विसरतात. मजकूर मोकळा झाला तरी दलालांची चित्रं २०३१ संपेपर्यंत नाहीत.

पुढची पानं नाहीत, मागची नाहीत, कव्हर नाही. काहीतरी होईल का?

होतं कधी कधी. प्रत्येक पानाच्या माथ्यावर पुस्तकाचं किंवा प्रकरणाचं नाव असतं. दर सोळा पानांनी (कधी आठ) खाली कोपऱ्यात फर्म्याचा (इथे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्याचा) बारीक आकडा असतो, काही छापखाने त्याशेजारी पुस्तकाच्या नावाचं आद्याक्षर टाकायचे. मुद्रकाची ओळ अनेकदा शेवटच्या मजकुराच्या पानाखालीच असायची, छापखाना कळला की त्याचा काळ कळतो. आत्याच्या ट्रंकेतल्या चारातलं एक असंच होतं, २३ ते ७८ पानं, बाकी काही नाही. फर्म्याच्या आकड्याशेजारी "चि" एवढंच. कांहीं, नाहीं, सगळे अनुस्वार जागच्या जागी. ती पानं घेऊन तीन वेळा ग्रंथालयात गेलो, सूचीत "चि"पासूनची बालपुस्तकं काढली, पानांच्या आकड्यावरून चार उरली, चौथी मागवली आणि २३ वं पान उघडलं तर तोच बेडूक, तीच छत्री, रंग जरा बाजूला सरकलेला. ती दुसरी आवृत्ति होती, सहा आण्यांची. माझी कितवी ते अजून शोधतोय, कारण माझ्या बेडकाच्या छत्रीला एक काडी कमी आहे.